मागच्या खोलीतली बोली

सकाळचे आठ वाजले की तिसऱ्या मजल्यावर चष्मेवाल्यांच्या घरात रेडिओ मोठ्याने लागायचा. बातम्या असोत, गाणी असोत की हवामानाचा अंदाज असो, आवाज एकच, मांडणीवरचे पेले थरथरतील इतका. समोरच्या दारातले पेन्शनर गमतीने म्हणत, "लोकांचे डोळे तपासता तपासता यांनी स्वतःचे कान घालवले." चष्मेवाले हसून ती गंमत मान्य करत.

खरी गोष्ट अशी होती की आठ वाजता त्यांची आई जागी होई आणि बोलू लागे.

घर तीन खोल्यांचं. पुढे बैठक, मध्ये स्वयंपाकघर आणि मागे एक अरुंद खोली. पूर्वी तिथे जुन्या ट्रंका आणि फुटक्या खुर्च्या पडलेल्या असत. आता तिथे एक खाट होती आणि खाटेवर आई. खिडकीला आतून फळी ठोकली होती, दाराला बाहेरून कडी होती. इमारतीत सगळ्यांना सांगितलं होतं की आई हवापालटाला मावशीकडे गेली आहे. या गोष्टीला आठ महिने होत आले होते.

आईला विस्मरणाचा आजार जडला होता. सुरुवातीला ती चष्मा कुठे ठेवला ते विसरायची, मग चूल विझवायला विसरली. आणि मग एक दिवस ती या गावची भाषाच विसरू लागली. आज एक शब्द गेला, उद्या दोन. पंचेचाळीस वर्षं जी भाषा ती इतकी शुद्ध बोलली होती की लोक विचारत, "तुम्ही शाळेत शिकवत होतात का?", ती भाषा अंगावरचं लुगडं सैल व्हावं तशी गळून पडली. खाली उरली ती तिची जन्माची बोली. सीमेपलीकडची.

चष्मेवाल्यांच्या बायकोला, जिला सगळी इमारत वहिनी म्हणायची, हे तेव्हाच पहिल्यांदा कळलं. सोळा वर्षं संसार केला होता तिने. सासर 'वरच्या भागातलं' आहे एवढंच तिला ठाऊक होतं.

"मला कधीच का नाही सांगितलंत?" तिने विचारलं होतं.

"सांगितलं असतं तर तुझ्या वडिलांनी तुला दिली असती?" चष्मेवाले म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. आता तुला कळलंय, तर तूही मूठ झाक."

तिने झाकली. मुलगी आठवीत होती. तिच्याही गळ्यात तेच काम पडलं होतं. दुपारी शाळेतून आली की तिने बैठकीत बसून धडे मोठ्याने वाचायचे, म्हणजे आजीचा आवाज जिन्यावर जाणार नाही. पोरीचा घसा बसला तरी इतिहासाचं पुस्तक थांबत नसे.

भीती अगदीच खोटी नव्हती. दोन वर्षांपूर्वी गावाबाहेरचा मोठा कारखाना बंद पडला आणि गावाने त्याचं खापर बाहेरच्यांवर फोडलं. ज्यांनी कारखाना बंद केला ते कुणाच्या हाती लागणारे नव्हते. बाहेरचे मात्र हाताशी होते. ते रस्ते झाडत होते, आजारी म्हाताऱ्यांची अंगं पुसत होते, रात्रपाळीला पाव भाजत होते. आधी कुजबुज झाली, मग दुकानांवर पाट्या लागल्या, मग इमारतींनी ठराव केले. या इमारतीच्या दारावरही पाटी होती: 'येथे बाहेरच्या लोकांना जागा दिली जात नाही.' अक्षर मोत्यासारखं होतं. ते चष्मेवाल्यांचं होतं. मंडळाचं सगळं लिखाण तेच करत.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं आपण म्हणतो. पण दांड्यालाही भीती असते, आपण लाकूड आहोत हे कुणाला कळू नये अशी.

एके दिवशी त्यांच्या दुकानात एक म्हातारा सुतार आला. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, काचेला तडा. त्याने मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं की लाकडावरची खूण दिसत नाही, करवत चुकते. त्याचे हेल ऐकताच चष्मेवाल्यांच्या मानेवरचे केस उभे राहिले. आईच्याच गावाकडचे हेल होते ते. दुकानात तेव्हा मोजणीसाहेब बसले होते. हे इमारतीच्या मंडळाचे सचिव. जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले, स्वभावाने मनमिळाऊ, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारे.

"नंबर काढायचं यंत्र बंद आहे," चष्मेवाले सुताराला म्हणाले.

सुताराने यंत्राकडे पाहिलं. त्याचा हिरवा दिवा चालू होता. तो निघून गेला.

"यंत्राचं नाव छान पुढे केलंत," मोजणीसाहेब हसले. "मला असं गोड बोलून 'नाही' म्हणता येत नाही. बरं, या नाही, पुढच्या रविवारी सभा आहे. आपली जिनेवाली बाहेरची आहे म्हणे. चार वर्षं आपल्याला पत्ताच नाही. बाई कामाला चांगली आहे, पण ठराव म्हणजे ठराव. तुम्ही तेवढं इतिवृत्त लिहून ठेवा."

"ठेवतो."

"आणि आईसाहेब कशा आहेत? परत आल्या की सांगा. माझी बायको रोज आठवण काढते."

"बऱ्या आहेत," चष्मेवाले म्हणाले आणि काच घासायच्या चाकाशी जाऊन उगाचच ते फिरवू लागले.

त्याच आठवड्यात आईने खाणं सोडलं. पेज दिली तर दोन घोट घेऊन तोंड फिरवी. बरगड्यांखाली मूठ दाबून धरी आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणे. वहिनीने तो शब्द इतक्यांदा ऐकला की भांडी घासतानाही तो तिच्या कानात वाजू लागला.

"अहो, आई काय म्हणतायत?" तिने संध्याकाळी विचारलं.

"काही नाही. लहानपणचं गाणं आहे कसलंतरी."

"गाणं म्हणताना माणूस पोट दाबून धरतं का? डॉक्टरांना बोलवू या."

"डॉक्टर आला की आई बोलणार. आई बोलली की तो ऐकणार. त्याची बायको मोजणीसाहेबांची भाची आहे, माहीत आहे ना?" त्यांनी खिशातून झोपेच्या गोळ्या काढून ठेवल्या. "या दे. शांत पडेल."

वहिनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. सोळा वर्षांत तिला एवढं कळत होतं की खोटं बोलताना हा माणूस चष्मा काढून पुसतो. तो आता चष्मा पुसत होता.

त्यांना शब्द कळला होता. पहिल्याच दिवशी कळला होता. सात वर्षांचे असेपर्यंत ते दुसरं काही बोललेच नव्हते. त्यांनी स्वतःला सांगितलं की म्हातारं माणूस आहे, दोन दिवसांत उतरेल. मग आणखी दोन दिवस सांगितलं. मग सांगणं बंद केलं आणि रेडिओ अर्धा तास आधी लावू लागले.

आठव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, वहिनी कचऱ्याचा डबा घेऊन दाराबाहेर आली. मुलगी शाळेत, नवरा दुकानात. जिनेवाली तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्या ओल्या फडक्याने पुसत होती. चाळिशीची, हडकुळी बाई. कोपरापर्यंत हात साबणाने पांढरे पडलेले. ती उठून उभी राहिली, पण बाजूला झाली नाही.

"वहिनी, रागावू नका," ती हळू आवाजात म्हणाली. "आतल्या आजींना जळतंय."

वहिनीच्या हातातला डबा कलला. "काय म्हणालात?"

"छातीखाली जळतंय, असं म्हणतायत त्या. तोच शब्द आहे तो. रेडिओ बंद असला की मला इथे ऐकू येतं. आधी पाणी मागायच्या, कधी मुलाला हाका मारायच्या. मी इतके महिने गप्प राहिले. मला वाटलं, घरात कुणाला तरी कळत असेल." तिने फडकं पिळलं. "मी बोलले असते तर मी कुठली ते कळलं असतं ना."

"ते त्यांना कळलंय," वहिनी म्हणाली. "रविवारी तुम्हाला काढणार आहेत."

"मग आता काय राहिलं," जिनेवाली म्हणाली आणि तिने ओले हात पदराला पुसले.

वहिनीने तिला आत घेतलं. मागच्या खोलीची कडी काढली तेव्हा आतला कोंदट वास दोघींच्या अंगावर आला. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. जिनेवाली खाटेजवळ जमिनीवर बसली आणि आपल्या बोलीत काहीतरी म्हणाली. चारच शब्द असतील.

म्हातारीने मान वळवली. आठ महिने ती भिंतीशी बोलत होती. आज भिंतीने उत्तर दिलं होतं. तिने दोन्ही हातांनी जिनेवालीचा चेहरा धरला आणि तिच्या तोंडून शब्दांचा असा लोंढा सुटला की मध्येच तिला धाप लागली. जिनेवाली 'हो, हो' करत होती. मग तिचं 'हो' थांबलं.

"काय म्हणतायत?" वहिनीने विचारलं.

"त्यांना वाटतंय, आपण नाक्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहोत. सीमेवर. अजून सोडलं नाही म्हणतात. खिडकीला फळी मारलीय, बाहेरून कडी आहे, म्हणजे तीच शेड. त्या विचारतायत..." जिनेवालीने म्हातारीचा हात धरला. "विचारतायत की माझ्या मुलाला पुढे जाऊ दिलं का? सात वर्षांचा आहे, हिरवा सदरा घातलाय. दुखतंय ते मी पहारेकऱ्याला सांगणार नाही, आजारी म्हणून परत पाठवतील, असं म्हणतायत. पोट गेले आठ दिवस जळतंय, आता दगडासारखं झालंय."

वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तो पहारेकरी कोण ते तिला कळलं. कडी तिनेही लावली होती, रोज, दोन्ही वेळा.

तिने दुकानात निरोप धाडला. चष्मेवाले धावत आले ते बैठकीत जिनेवालीची बादली बघून जागीच थांबले.

"हिला आत कुणी घेतलं?"

"मी," वहिनी म्हणाली. "आईंना दवाखान्यात न्यायचंय. खुर्चीवर बसवून खाली न्यावं लागेल. तुम्ही एक बाजू धरा."

"तुला कळतंय का तू काय बोलतेस? भर दुपारी? जिन्यात प्रत्येक दार उघडं असतं. दवाखान्यात विचारतील जन्म कुठला, भाषा कुठली. मुलीच्या शाळेत दुसऱ्या दिवशी कळेल. दुकानाला कुलूप लागेल. मी हे सगळं कुणासाठी केलं?"

"तुम्हाला तो शब्द कळत होता?"

त्यांचा हात चष्म्याकडे गेला.

"काढू नका तो चष्मा," वहिनी म्हणाली. "माझ्याकडे बघून सांगा. कळत होता?"

"अगं, तिनेच मला शिकवलं," चष्मेवाले म्हणाले. "इथे आल्यावर पहिल्या दिवशी तिनेच माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, आजपासून आपली बोली मेली. एक शब्द तोंडातून निघाला तर आपल्याला परत हाकलतील. मी झोपेत बोलायचो तर मला उठवून बसवायची. मी तिचंच ऐकलं. आयुष्यभर तिचंच ऐकलं."

"मग आजही ऐका," वहिनी म्हणाली. "ती म्हणतेय जळतंय."

ते हलले नाहीत. बैठकीच्या मधोमध उभे होते, पण चारी बाजूंनी भिंती पुढे सरकल्यासारखे. शेवटी जिनेवालीने खुर्चीची पाठ धरली, वहिनीने पुढचे पाय धरले, आणि दोघी बायकांनी ती म्हातारी दाराबाहेर काढली.

तीन मजल्यांच्या छप्पन्न पायऱ्या. जिनेवालीला त्यांची संख्या पाठ होती. उजेडात आल्याबरोबर आई मोठ्याने बोलू लागली, आपल्याच बोलीत, आणि ती खाली पोचेपर्यंत थांबली नाही. दारं उघडली. पेन्शनर बाहेर आले. दुसऱ्या मजल्यावरची बाई पोळपाट हातात घेऊन उभी राहिली. कुणी पुढे झालं नाही, कुणी अडवलंही नाही. खालच्या दाराशी मोजणीसाहेब होते.

"या आईसाहेब? आणि ही कुठली भाषा बोलतायत?"

"हो, सासूबाईच आहेत," वहिनी धापा टाकत म्हणाली. "स्वतःची भाषा बोलतायत. जरा दार धरा."

मोजणीसाहेबांनी दार धरलं. दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवला आणि लगेच माणसं बोलावली. आतला व्रण फुटला होता, विष पसरलं होतं. "किती दिवस दुखतंय?" त्यांनी विचारलं. जिनेवालीने विचारून सांगितलं. बाईंनी कागदावरून मान वर केली. "आठ दिवस? पहिल्या दिवशी आणलं असतं तर औषधावर भागलं असतं. यांनी कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं," वहिनी म्हणाली. "रोज सांगितलं."

चष्मेवाले तिसऱ्या दिवशी आले. दाढी वाढलेली, अंगात दुकानातला पांढरा कोट तसाच. आदल्या दोन दिवसांत ते दवाखान्याच्या फाटकापर्यंत येऊन दोनदा परत गेले होते. वॉर्डात शेजारच्या खाटांवर माणसं होती, नर्स होती, भेटायला आलेले लोक होते. जिनेवाली उशाशी बसली होती. ती उठली आणि तिने जागा दिली.

आईने त्यांच्याकडे पाहिलं. पांढरा कोट पाहिला. तिने हात जोडले आणि त्यांना काहीतरी म्हणू लागली. ओळख नव्हती. नाक्यावरचा साहेब समजून ती त्यांची विनवणी करत होती. साहेब, मला ठेवा, पण माझ्या मुलाला जाऊ द्या. लहान आहे. तो काही बोलणार नाही, मी त्याला शिकवलंय.

चष्मेवाले खाटेच्या लोखंडी दांडीला धरून उभे होते. त्यांचे ओठ हलले, पण शब्द येईना. पंचेचाळीस वर्षं ती बोली तोंडात आली नव्हती. मग आली. लहान मुलाच्या उच्चारांत आली, कारण तेवढीच ती त्यांच्याजवळ उरली होती. वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "सोडलं, बाई. तो गेला पुढे."

आईने जोडलेले हात खाली घेतले. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी ती गेली.

रविवारची सभा ठरल्याप्रमाणे झाली. तळमजल्याच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या. इमारतीत अकरा घरं. चष्मेवाले येणार नाहीत असं सगळ्यांना वाटलं होतं, पण ते आले, बरोबर वहिनीही आली, आणि तिच्या मागून जिनेवाली येऊन भिंतीशी उभी राहिली.

मोजणीसाहेबांनी घसा खाकरला. "चष्मेवाले, झालं ते वाईट झालं. तुमच्या मनाला आणखी त्रास होईल असं इथे कुणी बोलणार नाही, हे मी आधीच सगळ्यांकडून कबूल करून घेतलंय. तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही आमच्यातलेच आहात. लहानाचे मोठे इथेच झालात. प्रश्न फक्त या बाईंचा आहे."

ते मनापासून बोलत होते. त्यांना वाटत होतं, आपण दार उघडतोय. वहिनी उठली.

"आमच्यासाठी वेगळं काही करू नका," ती म्हणाली. "या बाईंना काढायचं असेल तर ज्या कारणासाठी काढाल त्याच कारणासाठी आम्हालाही काढा. आणि आम्ही राहावं असं वाटत असेल तर मला सांगा, यांच्यात आणि माझ्या नवऱ्यात काय फरक आहे? यांनी चार वर्षं लपवलं, आम्ही पंचेचाळीस. एवढाच."

पेन्शनर आपल्या चपलेकडे बघत होते. मोजणीसाहेब चष्मेवाल्यांकडे वळले, मदत मागितल्यासारखे. "तुम्ही तरी समजवा यांना. बरं, इतिवृत्त लिहिताय ना?"

"लिहिलंय," चष्मेवाले म्हणाले आणि त्यांनी वही उघडली. "वाचतो. माझी आई आठ दिवस दुखतंय म्हणून सांगत होती. तिची भाषा मला येत होती. मी येत नसल्याचं दाखवलं. तुम्ही ऐकाल म्हणून मी ऐकलं नाही. ती मेली."

"अहो, हे कशाला लिहायचं?" मोजणीसाहेबांचा आवाज उतरला होता.

"इमारतीत जे झालं ते लिहायचं असतं," चष्मेवाले म्हणाले आणि वही त्यांच्या पुढ्यात ठेवली.

मत घेतलं गेलं. हात हळूहळू, एकमेकांकडे बघत वर गेले. दहा घरांचे दहा हात. चष्मेवाल्यांचा हात मांडीवरच राहिला. ठराव मंजूर झाला. जिनेवालीचं काम सुटलं, आणि महिन्याभरात चष्मेवाल्यांनाही घर सोडावं लागलं. दुकानात गिऱ्हाईक कमी झालं. मुलीला वर्गात मागच्या बाकावर बसवलं. यातलं काहीही गोड करून सांगण्यासारखं नाही.

वहिनी आणि जिनेवाली मात्र रोज सकाळी दवाखान्यात जातात. नोंदणीच्या खिडकीसमोर एक लाकडी बाक आहे, त्यावर बसतात. कुणी आलं आणि कारकुनाला त्याचं बोलणं कळेना, की जिनेवाली उठते. डॉक्टरीणबाईंनी त्यासाठी परवानगीचा कागद करून दिला आहे. वहिनी तिच्याकडून शिकते आहे. दुखणं, ताप, चक्कर, पाणी, कधीपासून. साठेक शब्द झालेत. जीभ अजून नीट वळत नाही आणि आजारी माणसंसुद्धा तिच्या उच्चारांना हसतात.

मागच्या पंधरवड्यात एका दुपारी दुसऱ्या मजल्यावरची ती बाई दुकानात आली. ठरावाच्या वेळी तिचा हात सगळ्यांत आधी वर गेला होता. तिने दार लोटून घेतलं, रस्त्याकडे पाठ केली आणि चष्म्याची एक फ्रेम हातात घेऊन उलटीसुलटी करत राहिली.

"माझे वडील," ती शेवटी म्हणाली, "तिकडचेच होते. आता आमच्याकडेच असतात. कुणाला सांगू नका."

चष्मेवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या अकरा घरांत आणखी किती मागच्या खोल्या असतील, असा विचार त्यांच्या मनात आला. तो तुमच्याआमच्याही मनात यायला हरकत नाही.

"मी नाही सांगणार," ते म्हणाले. "तुम्ही सांगा. त्यांना काही दुखायला लागायच्या आत सांगा."